पित्तनलिकेची पुनर्रचना: पहिली दुरुस्ती कोणी करावी आणि केव्हा?

शल्यविचार

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावीही होते आणि बहुसंख्य रुग्ण एक-दोन दिवसांत चालत घरी जातात. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या काळात या पद्धतीने पोट उघडून करण्याच्या जुन्या पद्धतीची जागा जवळपास पूर्णपणे घेतली. हजारांत साधारण तीन ते पाच रुग्णांच्या बाबतीत मात्र पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेलाच इजा होते, आणि हा धागा त्यांच्यासाठी आहे. मी यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागात काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी अनेकांची एकदा घाईत दुरुस्ती झालेली असते आणि ती फसलेली असते. पित्तनलिकेच्या दुरुस्तीची पहिली संधी हीच सर्वांत चांगली संधी असते आणि ती हातची घालवू नये, एवढे एकच म्हणणे मला येथे सविस्तर मांडायचे आहे.

यकृतात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागांतून येणाऱ्या दोन नलिका यकृताच्या दाराशी एकत्र येतात, तेथून एकच नलिका खाली उतरते, वाटेत तिला पित्ताशयाची आखूड नलिका मिळते आणि अखेरीस हा मार्ग स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडतो. निरोगी माणसात या मुख्य नलिकेची रुंदी जेमतेम सहा मिलिमीटर असते. पित्ताशय काढताना केवळ त्याची आखूड नलिका आणि त्याची धमनी कापायची असते. परंतु सूज जुनी असेल किंवा तेथील ऊती एकमेकींना चिकटल्या असतील, तर पित्ताशय ओढून धरल्यावर आखूड नलिका आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच आखूड नलिका भासते. तिला क्लिप लागते, ती कापली जाते, आणि पित्ताशय सोडवत वर जाताना ती पुन्हा एकदा, अधिक उंचीवर कापली जाते; अशा वेळी नलिकेचा मधला तुकडाच शरीराबाहेर येतो. सॅन फ्रान्सिस्को येथील लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९७ टक्के इजांचे मूळ दृष्टिभ्रमात होते. हाताचे कौशल्य कमी पडल्यामुळे झालेल्या इजा फारच थोड्या होत्या. म्हणून इजा झाली म्हणजे सर्जन निष्काळजी होता, असा निष्कर्ष मी काढत नाही. इजा लक्षात आल्यानंतर कोणते निर्णय घेतले गेले, यावर मात्र रुग्णाची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

कापलेली दोन टोके पुन्हा एकमेकांना का शिवत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो रास्त आहे. एक तर मधला तुकडा गेलेला असल्यामुळे टोके ताण दिल्याशिवाय जुळत नाहीत. दुसरे कारण रक्तपुरवठ्याचे आहे. या नलिकेच्या दोन्ही कडांनी अतिशय बारीक धमन्या उभ्या धावतात आणि त्यांतील रक्ताचा मोठा वाटा खालून वर येतो. नॉर्थओव्हर आणि टेरब्लांच यांनी १९७९ मध्ये हा वाटा साधारण ६० टक्के असल्याचे दाखवले. नलिका कापली गेली की वरच्या टोकाला खालून येणारे रक्त बंद होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत विद्युत उपकरणाच्या उष्णतेने भाजलेला भागही शेजारी असतो आणि त्या दिवशी निरोगी दिसणारी ऊती पुढच्या काही आठवड्यांत आक्रसते. अशा टोकावर घातलेले टाके सुरुवातीला पित्त गळू देत नाहीत, रुग्ण घरी जातो आणि काही महिन्यांनी जोड अरुंद होऊन कावीळ घेऊन परत येतो.

म्हणून पूर्ण कापल्या गेलेल्या नलिकेसाठी बहुतेक वेळा निराळा मार्ग तयार करावा लागतो. त्यात लहान आतड्याचा वरचा भाग कापून त्याचे खालचे टोक यकृताच्या दाराशी नेले जाते आणि पित्तनलिकेला जोडले जाते. अन्न घेऊन येणारे वरचे टोक ४० ते ६० सेंटिमीटर खाली त्याच आतड्याच्या कुशीत जोडतात. आतड्याची ही रचना इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सर्जन सेझार रू यांच्या नावाने ती ओळखली जाते. वर नेलेल्या भागाला आम्ही रू लूप म्हणतो. तो इतका लांब ठेवण्याचे कारण म्हणजे आतड्यातील अन्न उलट वर चढून पित्तनलिकांपर्यंत पोहोचू नये.

खरी कसोटी वरच्या जोडाची आहे. नलिका कोठे जोडायची, याचे उत्तर पॅरिसमधील जाक हेप आणि क्लोद कुइनो यांनी १९५६ मध्ये दिले आणि आजही आम्ही त्याच उत्तरावर उभे आहोत. डावी यकृतनलिका यकृतात शिरण्यापूर्वी काही अंतर यकृताच्या पुढच्या खंडाखाली आडवी धावते. तेथील तंतुमय पडदा उघडून यकृताचा तो भाग वर उचलला की इजेपासून दूर असलेली, रक्तपुरवठा चांगला असलेली निरोगी नलिका हाती लागते. तिच्या पुढच्या भिंतीवर लांबीच्या दिशेने छेद देऊन दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद तोंड तयार करता येते, मग मूळ नलिका कितीही बारीक असो. आतड्याचे अस्तर नलिकेच्या अस्तराला नेमके भिडवून, केसासारख्या बारीक आणि पुढे विरघळून जाणाऱ्या धाग्याचे टाके एकेक करून घातले जातात. जोडावर ताण नसावा, दोन्ही कडांना रक्त असावे, अस्तराला अस्तर भिडावे आणि यकृताचा प्रत्येक भाग त्या जोडातून रिकामा व्हावा, हे ज्याने साधले त्याचा जोड टिकतो. हे काम तीन ते पाच तास चालते आणि त्याचा सराव क्वचित अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला होऊ शकत नाही. स्टुअर्ट आणि वे यांनी १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार मूळ सर्जननेच केलेल्या दुरुस्त्यांपैकी १७ टक्के यशस्वी झाल्या होत्या, तर या कामाचा अनुभव असलेल्या केंद्रांत हे प्रमाण ९४ टक्के होते. तो अभ्यास जुना आहे, परंतु त्यातील अंतर इतके मोठे आहे की मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते सांगतो.

वेळेविषयीही थोडे सांगतो. इजा पहिल्या दोन-तीन दिवसांत कळली, पोटात पित्त साचलेले नसेल, जंतुसंसर्ग नसेल आणि अनुभवी पथक उपलब्ध असेल, तर लगेच पुनर्रचना करता येते. ही संधी हुकली की पोटात साचलेले पित्त बाहेर काढावे, संसर्ग आटोक्यात आणावा, रुग्णाला पोटभर खाऊ-पिऊ घालून त्याची ताकद भरून काढावी आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळे सुजलेले आणि ठिसूळ असताना केलेली दुरुस्ती फसण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि नेमकी याच आठवड्यांत नातेवाइकांची घालमेल सर्वाधिक असते.

ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी येथे लिहावे.

कोयनाकाठ

डॉक्टर, आपण शेवटी ज्या घालमेलीचा उल्लेख केला आहे तीतून आम्ही गेलो आहोत. माझ्या पत्नीचे पित्ताशय जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात काढले. घरी आल्यावर तिचे पोट फुगू लागले, उजव्या खांद्यात कळा येऊ लागल्या आणि जेवण जाईना. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते, असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही ते मानले. पुढे डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा सोनोग्राफी झाली आणि पोटात पित्त साचल्याचे कळले.

मोठ्या शहरातील दुसऱ्या रुग्णालयात पोटात नळी घालून पित्त बाहेर काढले गेले आणि दोन महिने थांबा, असे आम्हाला सांगितले गेले. कापलेले आहे तर जोडत का नाहीत, पैशांसाठी लांबवत आहेत का, असे घरातली मोठी माणसे विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. रक्तपुरवठ्याची आणि सुजेची जी कारणे आपण दिली आहेत ती कोणी त्या दिवशी शांतपणे सांगितली असती, तर ते दोन महिने आम्हाला इतके जड गेले नसते. ती पोटाला पिशवी लावून स्वयंपाक करत होती आणि पाहुण्यांसमोर पदराने ती झाकत होती. आता पुनर्रचना झाली आहे आणि प्रकृती बरी आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पिशवीतून रोज भरपूर पित्त वाहून जात असे आणि तिला फार थकवा येत असे. ते तसेच टाकून द्यायचे असते का? आणि जोड पक्का झाला, असे केव्हा समजायचे?

शल्यविचार

कोयनाकाठ, आपण लिहिलेली लक्षणे इतर वाचकांनी नीट लक्षात ठेवावीत. पित्ताशय काढलेला रुग्ण प्रत्येक दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरा असायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटदुखी वाढत असेल, पोट फुगत असेल, उलट्या, ताप किंवा कावीळ असेल, तर ते वायूमुळे आहे असे गृहीत धरू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्तचाचण्या कराव्यात. पित्त पोटात गळत असेल तर सुरुवातीला रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारे पिवळे द्रव्य, थोडेसेच वाढते आणि त्यामुळे फसगत होते. नलिकेवर क्लिप बसून ती बंद झाली असेल तर पोट मऊ राहते आणि कावीळ मात्र रोज वाढत जाते.

पित्ताबरोबर पाणी आणि क्षार जातात, विशेषतः सोडियम, आणि थकवा त्याचाच असतो. पित्त आतड्यात न पोहोचल्यामुळे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. के जीवनसत्त्व कमी पडले की रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याची इंजेक्शने देतात. बाहेर येणारे पित्त स्वच्छ असेल तर अनेक केंद्रांत ते गाळून नाकातून आतड्यापर्यंत गेलेल्या नळीने परत दिले जाते आणि काही रुग्ण ते थंड सरबतात मिसळून पितातही. ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचा उपयोग होतो. हे मात्र डॉक्टरांना विचारूनच करावे, कारण पित्तात संसर्ग असू शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी पुढे येतो; त्याआधी इतरांचे अनुभव येऊ द्यावेत.

रानवाट

मी तालुक्याच्या गावी सामान्य शस्त्रक्रिया करतो आणि आपल्या मांडणीशी बहुतांशी सहमत आहे. फक्त एक भर घालू इच्छितो आणि एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे.

पुनर्रचनेपेक्षा ती करण्याची वेळच न येणे केव्हाही बरे. अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ज्या तीन अटी मांडल्या त्या पूर्ण होईपर्यंत मी काहीही कापत नाही: पित्ताशयाची नलिका, यकृतनलिका आणि यकृताची कड यांमधला त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून मोकळा झालेला असावा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच गोष्टी दिसाव्यात. त्या दिसत नसतील तर थांबावे. पोट उघडावे, किंवा पित्ताशयाचा तळाचा भाग जागेवर ठेवून उरलेले काढून घ्यावे, किंवा केवळ नळी घालून बाहेर यावे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली होती आणि मोठा छेद आला, म्हणजे डॉक्टरांना जमले नाही, असा समज आमच्या भागात अजून आहे. या समजामुळे सर्जनवर जो दबाव येतो तो रुग्णांच्या नातेवाइकांनी ओळखावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मतभेदाचा मुद्दा असा. मूळ सर्जनने दुरुस्ती करूच नये, हे सरसकट म्हणणे मला पटत नाही. पित्ताशयाच्या नलिकेच्या बुंध्यातून गळती होत असेल तर ती ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घातल्यावर बहुधा थांबते आणि तिला पुनर्रचना लागतच नाही. मुख्य नलिकेला कडेने लहानसा, स्वच्छ छेद गेला असेल आणि तो त्याच वेळी दिसला असेल, तर बारीक टाके घालून शेजारी नळी ठेवणे तालुक्यातही शक्य आहे. आमच्याकडून मोठ्या केंद्रापर्यंत रात्रीचा प्रवास कित्येक तासांचा असतो, रुग्णवाहिका वेळेवर मिळेल याची खात्री नसते, आणि प्रत्येक गळतीसाठी माणसाला घर सोडून पाठवणे हेही त्याच्यावर ओझेच आहे.

शल्यविचार

रानवाट, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी तो स्पष्ट करायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. स्ट्रासबर्ग यांच्याच वर्गीकरणात अ पासून ई पर्यंतच्या पाच इंग्रजी अक्षरांनी इजांचे प्रकार दाखवले जातात. पहिल्या प्रकारच्या गळतीला पुनर्रचना लागत नाही आणि शेवटच्या प्रकारात, म्हणजे मुख्य नलिका पूर्ण तुटली किंवा बंद झाली असेल तर, ती जवळजवळ नेहमीच लागते. माझे सगळे बोलणे या शेवटच्या प्रकाराविषयी आहे. त्यातही नलिकांचा संगम शाबूत आहे की तुटला आहे, हे आंरी बिस्मथ यांनी १९८२ मध्ये केलेल्या विभागणीवरून ठरते आणि संगम जितका जास्त दुखावलेला, तितके काम अवघड होत जाते.

शस्त्रक्रियागृहात नलिका पूर्ण कापली गेल्याचे लक्षात आले आणि तज्ज्ञ येऊ शकत नसेल, तर आणखी शोधाशोध करू नये, कारण त्या शोधाशोधीत उजवी यकृतधमनीही जाते. यकृताखाली एक चांगली नळी ठेवावी, प्रतिजैविके सुरू करावीत, अनुभवी केंद्राशी फोनवर बोलावे आणि नातेवाइकांना त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत खरे काय ते सांगावे. असा रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा अर्धे काम झालेले असते.

क्षकिरण

रेडिओलॉजीच्या बाजूने एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. काही माणसांत यकृताच्या उजव्या मागच्या भागाची नलिका स्वतंत्रपणे, खालच्या पातळीवर येऊन मिळते आणि पित्ताशयाच्या अगदी शेजारून जाते. तीच कापली गेली तर रुग्णाला कावीळ होत नाही, बिलिरुबिन सामान्य राहते, आणि ईआरसीपीमध्ये रंगद्रव्य सोडल्यावर नलिकांचे जे चित्र दिसते ते पहिल्या नजरेला अगदी निरोगी वाटते, कारण तुटलेली फांदी त्या चित्रात मुळी येतच नाही. पित्त मात्र नळीतून येतच राहते. अशा वेळी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, मन लावून पाहावी लागते आणि यकृताच्या प्रत्येक भागाची नलिका कोठे जाते हे मोजून घ्यावे लागते. ही फांदी सुटून गेली तर मुख्य जोड कितीही सुंदर असला तरी यकृताचा तो भाग तुंबतो आणि त्याला वारंवार संसर्ग होतो.

शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनमध्ये उजव्या यकृतधमनीची स्थितीही पाहावी. ती बंद असेल तर जोडाला मिळणारे रक्त कमी असते, आणि काही सर्जन अशा रुग्णात मुद्दाम अधिक काळ थांबतात, जेणेकरून डावीकडून येणारा पर्यायी रक्तपुरवठा वाढावा. संगम पूर्ण तुटलेला असेल तर त्वचेतून यकृतात सुई घालून उजव्या आणि डाव्या नलिकांत वेगवेगळ्या नळ्या ठेवाव्या लागतात. या नळ्यांनी संसर्ग आटोक्यात येतोच, शिवाय चिकटलेल्या ऊतींत नलिका शोधताना सर्जनच्या बोटांना त्या लागतात.

जुनीपाने

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, इतिहासाचा वाचक आहे. परंतु या इजेने एका देशाच्या कारभाराला स्पर्श केल्याचे उदाहरण येथे अस्थानी ठरणार नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशय १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये काढण्यात आले आणि त्यात त्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात लंडनमध्येच दुसरी शस्त्रक्रिया झाली, तिनेही प्रश्न सुटला नाही. या विषयातील त्या काळचे ख्यातनाम अमेरिकन सर्जन रिचर्ड कॅटेल यांनी ईडन यांना तपासले आणि बॉस्टनला येण्याचा आग्रह धरला. पंतप्रधान चर्चिल यांना ही शस्त्रक्रिया लंडनमध्येच व्हावी असे वाटत होते, तरीही ईडन बॉस्टनला गेले आणि १० जून १९५३ रोजी तेथे त्यांची नलिका आतड्याला जोडण्यात आली. ते तेथे असतानाच चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे वारस समजले जाणारे ईडन त्या वेळी देशात नव्हते.

ईडन एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान झाले. सुएझ कालव्यावरून इजिप्तशी पेच चिघळत असताना, ऑक्टोबर १९५६ च्या सुरुवातीला, रुग्णालयात असलेल्या पत्नीला भेटायला गेले असता त्यांना हुडहुडी भरली आणि ताप १०६ फॅरनहाइटपर्यंत चढला. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी पद सोडले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. सुएझच्या निर्णयांना त्यांचे आजारपण कितपत कारणीभूत होते, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. मला स्वतःला आजारावर सगळा भार टाकणे पटत नाही, कारण त्या निर्णयांत त्यांचे अनेक धडधाकट सहकारी सामील होते. माझा प्रश्न असा की, कॅटेल यांच्यासारख्या सर्जनने केलेला जोडही तीन-चार वर्षांत का बिघडावा?

शल्यविचार

जुनीपाने, ईडन यांच्या नलिकेवर बॉस्टनला जाण्यापूर्वी दोनदा हात लागलेला होता, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात निरोगी नलिकेचा आणखी काही भाग कायमचा जातो. शिवाय कॅटेल यांनी ती शस्त्रक्रिया केली तेव्हा हेप आणि कुइनो यांचा निबंध प्रसिद्ध व्हायचा होता, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरसीपी अस्तित्वात नव्हत्या, आणि प्रतिजैविकांचा पर्याय फारच मर्यादित होता. त्या परिस्थितीत ईडन १९७७ पर्यंत जगले आणि त्यांचा मृत्यू पुढे दुसऱ्या आजाराने झाला, याचे श्रेय मी कॅटेल यांच्या हातालाच देईन. त्यांना आलेला हुडहुडीचा ताप मात्र आजच्या रुग्णांनीही ओळखायला शिकावे असाच आहे. त्यावर खाली लिहितो.

मनस्विनी

हा धागा मोठ्यांच्या इजेविषयी आहे, तरी याच रू लूपवर माझे बाळ जगते आहे म्हणून लिहिते. तिला जन्मतःच यकृताबाहेरील पित्तनलिका नव्हत्या. अशा बाळांमध्ये नलिका शिवायला उरलेलीच नसते, म्हणून यकृताच्या दाराशी असलेली तंतुमय ऊती काढून तेथे थेट आतडे जोडतात. जपानमधील सेंदाई येथील मोरिओ कासाई यांनी ही पद्धत १९५०च्या दशकात विकसित केली. बाळ साधारण दोन महिन्यांचे होण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. पुढे यातल्या अनेक मुलांना यकृत प्रत्यारोपण लागते, हे आम्हाला सुरुवातीलाच प्रामाणिकपणे सांगितले गेले.

बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी किंवा मातकट होत असेल, तर कोवळे ऊन दाखवत थांबू नये, एवढेच मला इतर आयांना सांगायचे आहे. थेट आणि एकूण बिलिरुबिन वेगवेगळे मोजून घ्यावे.

सनदशीर

कोयनाकाठ यांच्या प्रतिसादावरून एक व्यावहारिक मुद्दा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत नमूद आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, काढलेल्या पित्ताशयाचा पॅथॉलॉजी अहवाल, सर्व स्कॅनच्या सीडी आणि शस्त्रक्रियेचे चित्रीकरण असल्यास तेही मागावे. तक्रार करायची की नाही, हा निर्णय नंतर घेता येतो. दुरुस्ती करणाऱ्या सर्जनला ही कागदपत्रे आधी लागतात.

शल्यविचार

सनदशीर यांचे आभार. शस्त्रक्रियेच्या टिपणीत किती क्लिप लावल्या, धमनी कोठे बांधली, रक्तस्राव झाला होता का, याचा एखादा उल्लेखही आम्हाला फार उपयोगी पडतो. खर्चाविषयी मला व्यक्तिगत संदेश आले आहेत, म्हणून येथेच सांगतो की या शस्त्रक्रियेसाठी महागड्या खासगी रुग्णालयातच जावे लागते असे नाही. मुंबईच्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयात शल्य-जठरांत्र विभाग, म्हणजे पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांचा विभाग, आहे, आणि उत्तर भारतात लखनौच्या संजय गांधी संस्थेने या इजांवर दीर्घकाळ काम करून विपुल लेखन केले आहे. एखाद्या केंद्रात जाण्यापूर्वी, तेथे दर वर्षी अशा किती पुनर्रचना होतात आणि रात्री-बेरात्री त्वचेतून नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट उपलब्ध असतो का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

आता कोयनाकाठ यांचा राहिलेला प्रश्न. जोड पक्का झाला, असे म्हणण्याचा ठरावीक दिवस नाही. अनुभवी केंद्रांतही साधारण दहांतल्या एखाद्या-दोघांचा जोड पुढे अरुंद होतो. त्यातील बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतात, तर काही दहा वर्षांनंतरही. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा यकृताच्या रक्तचाचण्या कराव्यात, असे मी सांगतो. अहवालात केवळ बिलिरुबिन पाहू नये. जोड अरुंद होऊ लागला की अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही रक्तातील दोन विकरे आधी वाढतात आणि कावीळ बरीच नंतर दिसते.

कोयनाकाठ

मागच्या पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप आला होता. गावातील डॉक्टरांनी मलेरिया समजून औषध दिले, दोन दिवसांत ताप उतरला. तो जोडाशी संबंधित असू शकतो का? आणि तसे असेल तर पुन्हा पोट उघडावे लागते का?

शल्यविचार

असू शकतो, आणि तो तसा नाही हे सिद्ध होईपर्यंत तसाच समजावा. पुनर्रचना झालेल्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर मलेरियाची तपासणी जरूर करावी, परंतु त्याच वेळी यकृताच्या चाचण्या, रक्ताचे कल्चर आणि सोनोग्राफीही करावी. असा ताप प्रतिजैविकांनी, कधी कधी आपोआपही उतरतो आणि त्यामुळेच मूळ कारण मागे राहते. असे ताप वर्षानुवर्षे येत राहिले तर यकृतात तंतू वाढतात, यकृत कठीण होते आणि शेवटी प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

जोड अरुंद झाला तरी प्रत्येक वेळी पोट उघडावे लागत नाही. नेहमीच्या ईआरसीपीची दुर्बीण रू लूपमुळे जोडापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्वचेतून यकृतात शिरून फुग्याने जोड रुंद करतात आणि काही महिने तेथे नळी ठेवतात. हे एकापेक्षा अधिक वेळा करावे लागते. काही केंद्रांत लांब, फुग्याची दुर्बीण आतड्यातून नेऊनही हे साधतात. याने भागले नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, आणि पहिली पुनर्रचना नीट उंचीवर झालेली असेल तर तीही शक्य असते. आपल्या पत्नीच्या पाकिटात एक कार्ड असू द्यावे, ज्यावर पुनर्रचनेची तारीख, रू लूप असल्याची नोंद आणि केंद्राचा फोन क्रमांक असेल. त्यांचा मागच्या पावसाळ्यानंतर अल्कलाइन फॉस्फटेज तपासला गेला नसेल तर या आठवड्यात तपासून घ्यावा आणि अहवाल आधीच्या अहवालांसह शस्त्रक्रिया केलेल्या विभागात दाखवावा.